परिपाठातला नंबर

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि ममताबाईंची धांदल सुरू झाली. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात राहीचं बोट आणि खांद्यावरच्या पर्समध्ये सारखा टुणटुण वाजणारा मोबाईल. मोखाड्याच्या रस्त्यावर, पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर त्यांची शाळा. मुलगी राही त्याच शाळेत दुसरीत. नवरा उमेश जव्हारला सरकारी कचेरीत क्लार्क. आठवडाभर मायलेकी इकडे भाड्याच्या खोलीत आणि नवरा तिकडे क्वार्टरमध्ये एकटा. नोकरदार जोडप्यांचं आपल्याकडे असंच चालतं, संसार काय तो सुट्टीपुरता.

आता आमच्या या डोंगरी भागात एक रीत आहे. भाताचं पोतं असो, आजारी म्हातारी असो की लहान पोर असो, ओळखीच्या जीपवाल्याच्या हवाली करायचं आणि पुढच्या माणसाला फोन करायचा, "निघाली बघ." पुढचा माणूस नाक्यावर येऊन उतरवून घेतो. शहरातल्या कुणाला हे ऐकून धस्स होईल, पण इथं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दर शनिवारी राही पाड्यावरच्या पोश्याच्या जीपमध्ये बसायची, नाक्यावर पपा उभे असायचे आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरून झाली की ममताबाई संध्याकाळच्या गाडीने मागाहून जायच्या.

त्या शनिवारी पोश्याची जीप मेकॅनिककडे होती. त्याने आपल्याऐवजी माघ्याला पाठवलं होतं. माघ्याही ओळखीतलाच, फक्त या कामाला नवा.

"बाई, मी नाक्यावर नाय जात," माघ्या म्हणाला. "स्टँडवर उतरवीन पोरीला. चालंल ना?"

"चालेल. हिचे पपा येतील घ्यायला. तुम्ही फक्त ते आल्याशिवाय सोडू नका हां."

"नाय सोडत, बाई."

जीप निघाली. ममताबाईंनी उमेशला फोन लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्यांनी अंगठ्याने भराभर लिहिलं, "राही निघाली. आज माघ्याची जीप. नाका नाही, स्टँडवर उतरेल." मेसेजपुढे एकच टिक आली. बघतील की, असं स्वतःशीच म्हणत त्या माहिती भरायला बसल्या. मंडळी, नावं ठेवायला जाऊ नका, आपण सगळेच असं करतो. मेसेज टाकला की निरोप पोचला, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे.

उमेश तेव्हा साहेबांबरोबर दाभोशाला गेला होता. खाली नदीच्या अंगाला रेंजचा पत्ता नसतो हे त्याला ठाऊक होतं. पण जीप यायच्या वेळेपर्यंत आपण नाक्यावर पोचू, असा त्याचा हिशेब होता. साहेब मात्र बोलत बसले, आणि साहेबांना उठा म्हणणारा क्लार्क अजून जन्माला यायचा आहे.

इकडे माघ्याची जीप जव्हारच्या स्टँडवर लागली. परतीची माणसं आधीच जीपला वेढा घालून उभी, कुणी टपावर सामान टाकतंय, कुणी पुढच्या सीटसाठी भांडतंय. माघ्याने राहीला बाकावर बसवलं, दप्तर मांडीवर दिलं, इकडेतिकडे पाहिलं. उमेश दिसेना.

"हितंच बस गं. बाप येल तुझा आता. हलू नको."

आणि तो गेला. तसा माणूस वाईट नाही. पण भरलेली गाडी आणि ओरडणारी माणसं पाहिली की दिलेला शब्द माणसाच्या डोक्यातून जातो तो असा.

राही बसून राहिली. एक एसटी आली, भरली, गेली. दुसरी आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तुळशीदास गुरुजी दाभोशाच्या गाडीची वाट पाहत होते. जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस, लहान मूल एकटं दिसलं की त्यांची नजर तिथेच अडकते.

"कुणाबरोबर आलीस, बाळ?"

"जीपमधून आले. पपा येणार आहेत."

"कधी येणार?"

राहीचा खालचा ओठ थरथरायला लागला. गुरुजी जवळ सरकले. "पपांचा फोन नंबर येतो तुला?"

"पपांचा नाही येत. आईचा येतो." ती उठून उभी राहिली. शाळेत राहतात तशी हात जोडून, मान ताठ करून एका दमात म्हणाली, "माझे नाव राही उमेश वारे. माझ्या आईचे नाव ममता उमेश वारे. माझ्या आईचा मोबाईल नंबर..." आणि दहाच्या दहा आकडे, एकही न अडखळता, म्हणून दाखवले.

गुरुजींना फार कौतुक वाटलं. त्यांनी आकडे दाबले, नीट तपासले आणि पोरीला आवाज ऐकू यावा म्हणून स्पीकर लावला. रिंग वाजली तशी राहीच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

"हां, कौन?" पलीकडून जाडाभरडा पुरुषी आवाज आला.

"ममताबाई वारे आहेत का? त्यांची मुलगी इथं..."

"कौन ममता? रॉंग नंबर."

गुरुजींना वाटलं, आपलंच बोट चुकलं. पुन्हा राहीकडून एकेक आकडा विचारून लावला.

"अरे, बोला ना एक बार! कोई ममता-बिमता नहीं है इधर. दिमाग मत खा." फोन आपटल्यासारखा बंद झाला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो लागलाच नाही.

भोवती चारदोन माणसं जमली होती. एक जण म्हणाला, "पोरगी लहान हाय, आकडा चुकवत असंल." दुसऱ्याने मान डोलावली.

"नाही चुकत," राही म्हणाली. "मी रोज म्हणते. बरोबरच आहे." त्यानंतर मात्र ती कुणाशीच बोलली नाही. मोठी माणसं आपसात बोलत राहिली आणि ती टक लावून गुरुजींच्या हातातल्या फोनकडे पाहत राहिली. तिच्या मनात काय चाललंय हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पोरीचं नाव माइकवरून पुकारायला सांगावं म्हणून गुरुजी उठले. शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगून चौकशीच्या खिडकीकडे गेले. तेवढ्यात त्या बाईची एसटी लागली, आणि ती पिशव्या उचलून धावली. गुरुजी परत आले तो बाक रिकामा. पोर नाही, दप्तर नाही.

दाभोशाचा चढ चढून वर येताच उमेशचा फोन एकामागून एक वाजायला लागला. ढीगभर मेसेज. लग्नाच्या पत्रिका, सुप्रभात, कचेरीचे निरोप, आणि त्यांच्या मधोमध बायकोच्या त्या दोन ओळी. त्या वाचून त्याने साहेबांच्या ड्रायव्हरला गाडी थेट स्टँडवर घ्यायला लावली. तो उतरला तेव्हा माइकवरून त्याच्या पोरीचं नाव पुकारत होते, "राही उमेश वारे या मुलीच्या पालकांनी ताबडतोब चौकशी खिडकीजवळ यावे."

तो धावत गेला. "मी तिचा बाप. कुठंय ती?"

गुरुजींनी नुसता रिकाम्या बाकाकडे हात केला.

उमेशने बायकोला फोन लावला. पहिल्या रिंगला तिने उचलला. फोन तिच्यापुढेच टेबलावर होता. रेंज पूर्ण, चार्जिंग पूर्ण. दुपारभर त्यावर कुणाचाच फोन आला नव्हता, आणि त्याअर्थी सगळं ठीक आहे असं धरून ती रकाने भरत बसली होती.

"ममता, राही स्टँडवर नाहीये."

"नाहीये म्हणजे? माघ्यानं सोडलं ना?"

"सोडलं. पण आता नाहीये. कुणालाच माहीत नाही कुठं गेली."

ममताबाई होत्या तशाच रस्त्यावर आल्या, मिळेल ती जीप थांबवली आणि पुढच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, त्यांना ऐकू येत नव्हतं. रस्त्याकडेच्या प्रत्येक पोरात त्यांना राही दिसत होती आणि जवळ आलं की ती दुसऱ्याच कुणाची निघत होती. पेपरात वाचलेलं नको नको ते सगळं डोळ्यांपुढून जात होतं. माझ्या पोरीला काही होऊ देऊ नको, एवढं एकच त्या पुटपुटत होत्या.

जव्हार जवळ आलं होतं. एका वळणावर समोरून खडीचा ट्रक आला, जीप बाजूला झाली, आणि ट्रकच्या मागे, रस्त्याच्या अगदी कडेने, निळा फ्रॉक आणि पाठीवर दप्तर दिसलं. एक चिमुरडी मोखाड्याच्या दिशेने झपाझप चालली होती. ट्रकच्या वाऱ्याने ती क्षणभर हेलपाटली.

"थांबवा! अहो थांबवा, माझी पोर आहे ती!"

जीप पुरती थांबायच्या आत ममताबाईंनी उडी टाकली. पण राही धावत येऊन गळ्यात पडली नाही. ती दोन पावलं मागे सरली. आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे.

"तुझा फोन कुठाय?"

"हा काय, माझ्याकडेच आहे. तू इथं..."

"मग तो माणूस कोण होता?"

"कुठला माणूस?"

"तुझ्या फोनवर बोलला तो. माझ्यावर ओरडला." आता तिला रडू फुटलं. "मला वाटलं चोरानं तुला मारलं आणि फोन घेतला. म्हणून मी शाळेत चालले होते तुला बघायला."

ममताबाईंनी तिला रस्त्याच्या कडेला ओढून छातीशी धरलं. सात वर्षांची पोर हरवली म्हणून जग तिला शोधत होतं, आणि ती पोर आईला वाचवायला एकटी ट्रकांच्या रस्त्यावरून चालत निघाली होती.

स्टँडवर आल्यावर उमेशने लेकीला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. गुरुजी डोळे पुसत होते. भीती ओसरली की माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं. ममताबाईंनी ते कुणीतरी जवळच्या जवळ शोधलं.

"रोज सकाळी म्हणून घेते मी हिच्याकडून नंबर. आणि वेळेला चुकीचा सांगितलास ना, राही?"

"नाही चुकला!" राही बापाच्या खांद्यावरून ओरडली.

"मलाही नाही वाटत चुकला," गुरुजी म्हणाले. "दोन्ही वेळा तेच आकडे सांगितलेत तिनं. हे बघा, माझ्या फोनवर आहेत."

उमेशने आकडे पाहून आपल्या फोनवर दाबले. शेवटचा आकडा दाबला आणि पडद्यावर नाव उमटलं, "ममता जुना".

तो बायकोकडे वळला. "अगं, हा तुझाच नंबर आहे. आधीचा."

तेव्हा कुठे उलगडा झाला. जूनमध्ये ममताबाईंची या पाड्यावर बदली झाली. जुन्या सिमला तिथं रेंज येईना. आमच्याकडे हे ठरलेलंच, या डोंगरावर ही कंपनी, त्या डोंगरावर ती. बाईंनी नवं सिम घेतलं, जुन्याचं रिचार्ज सोडून दिलं, आणि पुढे तो नंबर कंपनीने दुसऱ्याच कुणाला दिला. राही मात्र पहिलीत पाठ केलेला नंबरच म्हणत राहिली.

"पण मी सगळ्यांना कळवलं होतं," ममताबाई म्हणाल्या. "माझा नवीन नंबर सेव्ह करा म्हणून प्रत्येक ग्रुपवर टाकलं होतं. माहेरच्या, सासरच्या, शाळेच्या, सगळ्या."

"मुलगी कुठल्या ग्रुपवर आहे, बाई?" गुरुजींनी विचारलं.

ममताबाईंनी राहीकडे पाहिलं.

"रागावू नका, मी वयानं मोठा म्हणून विचारतो. हा जुना नंबर ती कुठं म्हणते?"

"परिपाठात. सगळ्याच मुलांकडून म्हणून घेते मी. आई-बापाचं नाव, गाव आणि नंबर. केंद्रप्रमुखांनीसुद्धा कौतुक केलं होतं."

"म्हणजे जूनपासून रोज सकाळी तुमची मुलगी तुमच्यासमोर उभी राहून चुकीचा नंबर म्हणते, आणि तो तुमच्या कानाला खटकत नाही?"

"पोरं अडखळतात का, तेवढंच ऐकते हो मी," ममताबाई म्हणाल्या.

"तुमचा आत्ताचा नंबर सांगता?"

"सत्तर..." ममताबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "सत्तर, त्र्याऐंशी..." मग पुन्हा थांबल्या. हात आपोआप पर्सकडे गेला.

"फोन नको. तोंडी सांगा."

त्यांना सांगता आला नाही. स्वतःचा नंबर. पंचवीसपर्यंत पाढे पाठ असलेल्या, पोरांच्या पाठांतरासाठी जिवाचं रान करणाऱ्या बाईला तो येत नव्हता. गुरुजींनी उमेशकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, साहेब. बायकोचा नंबर आहे."

उमेश मान खाली घालून म्हणाला, "फोटोवर बोट ठेवलं की लागतो हो."

जमलेल्या माणसांपैकी कुणी हसलं नाही. एकदोघांचे ओठ हलत होते. आपल्या घरच्यांचे नंबर ते मनात म्हणून बघत असावेत, आणि त्यांची तोंडं पाहता त्यांनाही ते येत नसावेत.

गुरुजी म्हणाले, "मी फोनला शिव्या घालणारा माणूस नाही. मीही वापरतो. शेकडो नंबर तो सांभाळतो, उत्तम आहे. पण तो सांभाळतो कुणासाठी? ज्याच्या हातात तो आहे त्याच्यासाठी. पोरीच्या हातात काय होतं? आपण तिच्या तोंडात घातले होते ते दहा आकडे, तेवढेच. ते तिनं जिवापाड जपले. आपण मात्र मागच्या मागं नंबर बदलला आणि फोनवाल्या सगळ्यांना सांगितलं. फोन नसलेल्या पोरीला सांगायचं राहिलं. ती चुकली म्हणता, बाई? इथं आम्ही सगळे मोठे चुकलो, मी धरून. तिच्या मनात काय आहे ते विचारायचं सोडून मी माइककडे धावलो."

ममताबाईंनी लेकीसमोर हात जोडले. "माझं चुकलं गं बाळा. तू बरोबर होतीस." राहीने तो जोडलेला हात धरला आणि मग तो सोडला नाही.

सोमवारी परिपाठाला ममताबाई फोन घेऊन उभ्या राहिल्या. "आज नुसता म्हणायचा नाही. प्रत्येकाचा नंबर मी लावून बघणार."

पहिली तानी आली. तिचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले, ती आजीजवळ राहते. तिने खणखणीत आवाजात आईचा नंबर म्हटला. बाईंनी लावला. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही." फोनमधली बाई बोलली म्हणून पोरं खिदळली. तानी हसली नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

दुसऱ्याचा नंबर बंद. तिसऱ्याचा कुणीतरी भलत्याच गावच्या माणसाने उचलला. चौथा पुन्हा अस्तित्वात नाही. कामाला जाताना नवं सिम, परत आल्यावर तिसरंच, असं इथं दर साली चालतं, हे बाईंना काय माहीत नव्हतं? पण ऐकताना ध्यानात कोण घेतो. राहीसारखी हीसुद्धा पोरं उद्या कुठल्या स्टँडवर, कुठल्या भट्टीवर हरवली, तर हात जोडून हेच मेलेले आकडे म्हणणार होती. आणि ते त्यांच्याकडून रोज कोण घोकून घेत होतं? त्यांच्याच बाई.

दुपारी त्या तानीच्या घरी गेल्या. तानीची आजी गोजाबाई ओसरीवर नाचणी पाखडत होती.

"तानीच्या आईचा नवा नंबर काय, आजी?"

"तो पोश्याच्या फोनात हाय ना. तोच लावून देतो."

"आणि पोश्या नसला तर?"

"मंग पोश्या येयाची वाट बघायची. आजून काय?"

सगळ्या पाड्याचं उत्तर तेच होतं, पोश्याच्या फोनात हाय. ममताबाईंनी पोश्याला गाठून एकेका घरचा चालू नंबर मिळवला, लावून खात्री केली आणि आठवडाभर पोरांकडून पाठ करून घेतला. त्या आठवड्यात परिपाठाला पहिल्या त्या स्वतः उभ्या राहत. "माझे नाव ममता उमेश वारे. माझा मोबाईल नंबर..." पहिल्या दिवशी मध्येच अडल्या, पोरांसमोर कान धरले आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हटला. उमेशकडून रोज फोनवर पाठ म्हणून घ्यायचं काम राहीकडे होतं, आणि ती त्यात बापाला जराही सूट देत नव्हती.

शनिवारी म्हणायला तानी उभी राहिली. तिने तो न चुकता म्हटला. बाईंनी फोन तिच्याच हातात दिला. "तूच लाव."

तानीने एका बोटाने एकेक आकडा दाबला. रिंग वाजली. पलीकडे भट्टीवरचा गलबला ऐकू आला आणि त्यातून एका बाईचा आवाज आला, "कोन बोलतंय?"

"आये, मी तानी."

"तानी? कोनी लावून दिला फोन? पोश्या हाय का तिथं?"

"पोश्या नाय. मीच लावला."

"तुला नंबर कुठं गावला?"

"मला पाठ हाय तुझा नंबर," तानी म्हणाली. "तू नंबर बदललास ना, तर आधी मला सांग."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सांगीन गं बाय," तिची आई म्हणाली. "पयला तुलाच सांगीन."

बंधुभगिनींनो, तानीच्या आईला कळलं ते आपणही आजच समजून घेऊ. नवा नंबर घेतला की आपण तो फोनवाल्या सगळ्यांना कळवतो. ज्यांच्याकडे फोन नाही अशी पोरं आणि म्हातारी माणसं आपल्याच घरात असतात, आणि अडचणीच्या वेळी खरी गरज त्यांनाच पडते. तेव्हा आपला नंबर आधी स्वतः पाठ करा, मग तो त्यांना शिकवा, आणि त्यांच्या तोंडून ऐकताना तो अजून चालू आहे ना, एवढं कान देऊन ऐका.